जनरेटर घेतला, चेंजओव्हरचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृषिपंपाची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, आणि डीपी (शेताजवळचा ट्रान्सफॉर्मर) जळाला तर आठ-आठ दिवस नाहीच, हे गावाकडच्या वाचकांना सांगायला नको. साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे, पण बागेला पाणी हवे तेव्हा वीज नसेल तर माफ बिलावर झाड जगत नाही. म्हणून विहिरी-बोअरच्या कडेला डिझेल जनरेटर उभे राहू लागले आहेत. ते घेताना घासाघीस होते ती किमतीची. मोटार जळते आणि माणूस मरतो तो मात्र मेन स्विच आणि स्टार्टर यांच्यामधल्या हातभर वायरिंगमुळे. त्याच्याबद्दल, आणि तिथे लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकच पुरवठा जोडणाऱ्या चेंजओव्हर स्विचबद्दल, ना विकणारा बोलतो, ना घेणारा विचारतो.

बहुतेक ठिकाणी जनरेटरच्या तीन वायरी थेट स्टार्टरच्या वरच्या टर्मिनलला अडकवलेल्या दिसतात. लाईन गेली की कटआउटमधले फ्यूज काढायचे आणि जनरेटर सुरू करायचा, एवढीच पद्धत. एक दिवस फ्यूज काढायचे राहतात. मग जनरेटरचे ४१५ व्होल्ट सर्व्हिस वायरने उलटे डीपीकडे जातात आणि डीपी त्याचे ११,००० व्होल्ट करून वरच्या तारांवर चढवतो. ‘एवढासा जनरेटर गावाचा लोड कसा ओढेल, बंदच पडेल की’ असे म्हणणारे भेटतात. लाईन गेलेली असताना डीपीवरच्या इतर मोटारींचे नो-व्होल्ट कॉइल (वीज गेली की स्टार्टर सोडणारे) सुटलेले असतात, त्यामुळे लोड फारसा नसतोच. जनरेटर निवांत चालत राहतो आणि खांबावर चढलेला लाईनमन बंद समजलेल्या तारेला हात लावतो. तेवढ्यात सबस्टेशनमधून पुरवठा परत आला, तर दोन्हीकडचे फेज समोरासमोर भिडतात. अल्टरनेटर (जनरेटरचा वीज तयार करणारा भाग) जळतो, प्रसंगी इंजिनाचा शाफ्टही जातो.

यावर उपाय एकच आहे: चार पोलचा, मधे शून्य असलेला, हाताने फिरवायचा चेंजओव्हर स्विच. एका बाजूला महावितरण, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मधे काहीच नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी जोडल्या जाणे त्याच्या रचनेतच शक्य नाही. ५ एचपीला ३२ अँपिअरचा चालतो, ६३ चा घेतला तर कॉन्टॅक्ट जास्त वर्षे टिकतात. चौथा पोल न्यूट्रलसाठी, तीन पोलवर भागवू नये. हा स्विच मेन स्विचनंतर आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटार बंद करणारा) व स्टार्टरच्या आधी बसवायचा, म्हणजे दोन्ही पुरवठ्यांना तेच संरक्षण मिळते. स्विच फिरवण्याआधी ऑटो स्विच (वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा) बंद करायचा. तो चालू राहिला तर जनरेटर गरम होण्याआधीच मोटार अंगावर घेतो.

आता आकाराचे, म्हणजे किती केव्हीएचा (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचे माप) घ्यावा त्याचे. ‘एक एचपी म्हणजे पाऊण किलोवॅट, म्हणजे पाचाला चार, साडेसात केव्हीए भरपूर झाले,’ हा हिशेब कागदावर बरोबर आहे आणि विहिरीवर चूक. ५ एचपीची सबमर्सिबल चालताना ९ अँपिअरच्या आसपास घेते, पण थेट स्टार्टरवर उचलताना, म्हणजे सुरू होताना, क्षणभर ५० च्या पुढे जाते. साडेसात केव्हीएचा अल्टरनेटर पूर्ण लोडला जेमतेम १०.४ अँपिअर देतो. उचलताना व्होल्टेज इतके खाली येते की स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरचे (चुंबकाने ओढला जाणारा स्विच) कॉइल धरतच नाही. कॉन्टॅक्टर खडखड करतो, ठिणग्यांनी कॉन्टॅक्ट चिकटतात, पुढे एखादा फेज तुटतो आणि उरलेल्या दोन फेजवर मोटार गुरगुरत जळते. दोष मात्र रिवाइंडिंगवाल्याच्या माथी येतो. ५ एचपीला १२.५ ते १५ केव्हीए घ्यावा. १५ केव्हीएचा अल्टरनेटर २१ अँपिअरचा असतो आणि क्षणभर त्याच्या दोन-अडीचपट देऊ शकतो. साडेसात एचपीपासून पुढे स्टार-डेल्टा (मोटार दोन टप्प्यांत उचलणारा) स्टार्टर असेल तर उचलतानाचा करंट एकतृतीयांशावर येतो. त्यासाठी मोटारीतून सहा वायरी वर आलेल्या हव्यात. तीन वायरींच्या बोअर मोटारीला स्टार-डेल्टा लावता येत नाही. उलट टोकाची चूकही होते. ५ एचपीला २५ केव्हीए घेतला, तर इंजिन वर्षभर पाव लोडवर चालते, कार्बन धरते आणि सायलेन्सरमधून काळे तेल गाळू लागते.

घरच्या विहिरीवरच्या १ एचपी सिंगल फेज पंपालाही हाच नियम आहे. पेट्रोल जनरेटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा कमाल क्षमतेचा असतो. सतत चालण्याचा आकडा वेगळा आणि लहान असतो. तो ३ केव्हीएच्या खाली असेल तर घेऊ नये.

जनरेटर विहिरीपासून लांब, शेडजवळ ठेवायचा असेल तर केबलचा हिशेब करा. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या २०० मीटर केबलमध्ये ९ अँपिअरला २० व्होल्टच्या वर जातात आणि उचलताना त्याच्या कितीतरी पट. तिथे ४ चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर खर्च एकदाच होतो.

नवीन जोडणीत मोटार उलटी फिरण्याचा प्रकार नेहमीचा आहे. लाईनवर पाणी पुरेसे येते, जनरेटरवर धार बारीक. पंप उलटा फिरला तरी थोडे पाणी देतोच, म्हणून लवकर लक्षात येत नाही. अशा वेळी जनरेटरकडून चेंजओव्हरला येणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल करायची. स्टार्टरपाशी केली तर लाईनवर मोटार उलटी होईल. फेजक्रम ओळखणारा प्रिव्हेंटर असेल तर तो अशा वेळी मोटार उचलूच देत नाही. मग त्यालाच बायपास करणारे महाभाग आहेत.

सुरू करण्याचा क्रम: मोटार बंद, इंजिन सुरू, दोन-तीन मिनिटे रिकामे चालवायचे. मीटरवर ४१५ व्होल्ट आणि ५० ते ५२ हर्ट्‌झ दिसले की जनरेटरचा ब्रेकर चालू करायचा, मग स्टार्टर दाबायचा. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह पाव उघडा ठेवला तर लोड कमी पडतो. पाणी आले की हळूहळू पूर्ण उघडावा. बंद करताना आधी मोटार, मग दोन-तीन मिनिटांनी इंजिन. सगळ्यात वाईट म्हणजे मोटार चालू असताना टाकीतले डिझेल संपणे. इंजिन धापा टाकत मंदावते, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही घसरतात, मोटार करंट ओढते. वेग दहा टक्क्यांनी उतरला तरी पंपाची उंचीवर पाणी चढवण्याची ताकद एकोणीस टक्क्यांनी उतरते, म्हणून खोल बोअरला पाणी वर येईनासे होते आणि मोटार नुसतीच फिरत राहते. बंद पडल्यावर लगेच परत दाबू नये. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी परत खाली येऊ न देणारा) गळका असेल तर पाइपातले पाणी खाली उतरताना पंप उलटा फिरत असतो. पाच मिनिटे थांबावे.

पॉवर फॅक्टरसाठी लावलेला कपॅसिटर स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला हवा. तो स्टार्टरच्या आधी असेल तर रिकाम्या जनरेटरचे व्होल्टेज चढवतो.

ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा अल्टरनेटर हा ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांना परवडणारा मार्ग. १५ केव्हीएला ३५ एचपीचा ट्रॅक्टर पुरतो. लोड पडला की ट्रॅक्टरचे इंजिन जास्त उतरते, म्हणून रिकामे असताना ५२ हर्ट्‌झवर थ्रॉटल बांधावा.

डिझेलचा हिशेबही मांडू. एकूण उंची ५० मीटर धरली तर ५ एचपीचा पंप तासाला साधारण १५,००० लिटर पाणी देतो आणि जनरेटर २ लिटरच्या आसपास डिझेल पितो. एकरभर रानावर इंचभर पाणी म्हणजे सुमारे १ लाख लिटर, म्हणजे सात तास आणि चौदा लिटर. डिझेल नव्वद रुपये धरले तर एका पाटपाण्याला बाराशे-तेराशे रुपये जातात. तेच ठिबकने दिवसाला एकरी २०,००० लिटर द्यायचे तर तीन लिटरांत भागते. जनरेटर ठिबकाला परवडतो, मोकाट पाण्याला नाही. आणि उघड्या विहिरीत पाणी वीस फुटांच्या आत असेल तर जनरेटर घेऊच नये. पंप जोडलेले साधे डिझेल इंजिन काठावर ठेवले की अल्टरनेटर आणि मोटार या दोन्ही ठिकाणची गळती वाचते.

मात्र पाणी खोल गेले म्हणून ते इंजिन किंवा जनरेटर विहिरीतल्या कठड्यावर उतरवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खाली गेलेला कोसळतो, मग त्याला काढायला उतरलेला दुसराही. बंद शेडमध्ये जनरेटर चालवणेही याच जातीचे. धुराचा पाइप भिंतीबाहेर काढलाच पाहिजे.

या पत्रातून मागण्या दोनच आहेत. विक्रेत्यांनी चेंजओव्हर स्विच आणि बॉडी व न्यूट्रल यांचे वेगवेगळे अर्थिंग बसवल्याशिवाय जनरेटर सुरू करून देऊ नये. ते काही हजारांचे काम लाखाच्या वर जाणाऱ्या यंत्राच्या किमतीत सहज बसते. आणि महावितरणने प्रत्येक डीपीवर कोणत्या शेतकऱ्यांकडे जनरेटर आहे याची यादी त्या त्या लाईनमनच्या हातात द्यावी.

आपला,
एक मोटार दुरुस्ती कारागीर, तासगाव