भाजी लपवायची, तर आधी तिचे पाणी काढा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मुलांच्या पोटात भाज्या जाव्यात म्हणून त्या आवडत्या पदार्थात लपवण्याच्या पाककृती पुरवण्यांमधून नेहमी येतात. त्यात स्लॉपी जो या अमेरिकी सँडविचचा नंबर वरचा असतो. टोमॅटोच्या आंबटगोड सॉसमध्ये शिजवलेला खिमा बनमध्ये भरलेला, त्यामुळे बारीक केलेली भाजी त्यात दिसत नाही. कल्पना उत्तम आहे. पण या पाककृतींत दोन गोष्टी हमखास राहून जातात आणि त्यामुळे पदार्थ एकतर फसतो, नाहीतर नावापुरताच पौष्टिक राहतो. पहिली गोष्ट भाजीतले पाणी, दुसरी सॉसमधली साखर.

आधी साखरेचे बघू. प्रचलित कृतीत अर्धा किलो खिम्याला पाऊण कप केचप आणि दोन मोठे चमचे ब्राउन शुगर पडते. एक मोठा चमचा केचपमध्ये सुमारे ४ ग्रॅम साखर असते. पाऊण कप म्हणजे असे बारा चमचे. ब्राउन शुगर धरून एकूण साखर ७० ग्रॅमच्या घरात जाते. सहा बन झाले तर प्रत्येकात ११-१२ ग्रॅम. प्रौढ माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांसाठी हा आकडा आणखी कमी. मिठाचेही तसेच. त्याच बारा चमचे केचपमधून सुमारे १८०० मिलिग्रॅम सोडियम येते आणि बन व वूस्टरशायर सॉस (आंबट-खारट तयार इंग्रजी सॉस) यांतले मीठ त्याहून वेगळे. अशा सॉसमध्ये एक गाजर किसून टाकले आणि मथळ्यात ‘पौष्टिक’ लिहिले, तर ती वाचकाची दिशाभूल आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत मॅनविच नावाचा डबाबंद सॉस आला. डबा फोडायचा, खिम्यात ओतायचा, इतके ते सोपे झाले. घरी सॉस करताना मात्र गोडवा आपल्या हातात असतो, आणि तो गाजर, लाल ढोबळी मिरची आणि नीट परतलेला कांदा यांतूनच बराचसा मिळतो.

आठ बनसाठी हे प्रमाण घ्यावे: कमी चरबीचा खिमा ५०० ग्रॅम, मशरूम १५० ग्रॅम, कांदा १२० ग्रॅम, गाजर १०० ग्रॅम, झुकिनी (काकडीसारखी दिसणारी हिरवी भाजी) १०० ग्रॅम, लाल ढोबळी मिरची ८० ग्रॅम, लसणाच्या दोन पाकळ्या. सॉससाठी टोमॅटो पेस्ट तीन मोठे चमचे, बिनसाखरेची टोमॅटो प्युरी २०० ग्रॅम, व्हिनेगर आणि वूस्टरशायर सॉस प्रत्येकी एक मोठा चमचा, मोहरीचा तयार सॉस एक छोटा चमचा, स्मोक्ड पॅप्रिका (धुरी दिलेल्या लाल मिरचीची पूड) एक छोटा चमचा, ब्राउन शुगर दोन छोटे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा. केचप अजिबात नाही. वरून घातलेली साखर दर बनमागे सुमारे एक ग्रॅम.

आता पाण्याबद्दल. झुकिनीत ९५ टक्के, मशरूम आणि ढोबळी मिरचीत ९० टक्क्यांहून जास्त, गाजरात ८८ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. म्हणजे वरच्या साडेपाचशे ग्रॅम भाजीत पाचशे ग्रॅमच्या आसपास पाणीच आहे. हे सगळे खिम्यासोबत एकदम पातेल्यात टाकले की खिमा परतला न जाता उकडतो, राखाडी पडतो आणि सॉस कितीही आटवला तरी पानावर वाढल्यावर त्याला पाणी सुटते. बनचा तळ पाच मिनिटांत लगदा होतो. त्यामुळे प्रत्येक भाजीचे पाणी तिच्या तिच्या पद्धतीने आधीच काढावे लागते.

मशरूम अगदी बारीक चिरून वेगळे तेल न घालता रुंद, तापलेल्या पातेल्यात टाकावे. आधी भरपूर पाणी सुटेल. घाबरून आच कमी करू नये. खदखदण्याचा आवाज थांबून चरचर सुरू झाली की पाणी संपले असे समजावे. तेव्हाच चमचाभर तेल घालून तांबूस होऊ द्यावे. मशरूमची चव मांसाच्या चवीशी जुळते आणि पोतही खिम्यासारखा होतो, म्हणून लपवण्यासाठी यापेक्षा चांगली भाजी नाही. झुकिनीची साल काढावीच, कारण हिरवे ठिपके मुले बरोबर टिपतात. किसून स्वच्छ फडक्यात घट्ट पिळावी. अगदी शेवटी घालावी, ती दोन मिनिटांत विरघळते.

गाजराची अडचण उलटी आहे. आंबट रसात भाजी लवकर मऊ होत नाही, कारण आम्लामुळे तिच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन टणक राहते. टोमॅटो घातल्यावर गाजर टाकले तर अर्ध्या तासानेही ते दाताखाली येते आणि सगळे गुपित फुटते. म्हणून गाजर किसणीच्या बारीक बाजूने किसून कांदा आणि ढोबळी मिरचीबरोबर टोमॅटोच्या आधी सात-आठ मिनिटे परतावे. बोटांनी दाबल्यावर सहज चेपले पाहिजे. कच्च्या भाज्या मिक्सरमधून काढून थेट सॉसमध्ये ओतणे हा सोपा वाटणारा मार्ग घेऊ नये. त्याने सॉस खिरीसारखा एकजीव होतो आणि खिम्याचा दाणा हरवतो.

क्रम असा ठेवावा. खिमा मोठ्या आचेवर पसरून तीन-चार मिनिटे अजिबात न हलवता खालून तांबूस होऊ द्यावा, मग मोडून परतावा आणि काढून ठेवावा. सुटलेली चरबी एक चमचा ठेवून बाकीची काढून टाकावी. त्याच पातेल्यात मशरूम, मग कांदा-गाजर-मिरची, मग लसूण. टोमॅटो पेस्ट घालून दोन मिनिटे परतावी. तिचा रंग विटकरी झाला की कच्चट वास जातो. हे टाळले तर पुढे कितीही मसाला घाला, डब्याची चव राहतेच. मग खिमा, प्युरी, पाऊण कप पाणी आणि बाकीचे जिन्नस घालून झाकण न ठेवता मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे आळू द्यावे. शेवटची पाच मिनिटे राहिली की झुकिनी घालावी. पळीने मधून रेघ ओढली आणि ती दोन-तीन सेकंद तशीच राहिली की झाले. बन कापलेल्या बाजूने कोरड्या तव्यावर भाजून घ्यावेत, म्हणजे वरचा थर कडक होतो आणि रस लगेच शोषला जात नाही.

बीफच्या खिम्याच्या आतले तापमान ७१ अंश सेल्सियसपर्यंत आणि टर्की किंवा कोंबडीच्या खिम्याचे ७४ अंशांपर्यंत जायला हवे. टर्कीत चरबी कमी असल्याने एक चमचा तेल जास्त लागते. निम्म्या खिम्याच्या जागी शिजवलेला अख्खा मसूर घातला तरी चालतो, उलट मांसात अजिबात नसलेले तंतुमय घटक (फायबर) मिळतात. फक्त मसूर साध्या पाण्यात आधी पूर्ण शिजवावा. कारण वर गाजराला सांगितले तेच. सालीशिवायची मसूर डाळ मात्र वापरू नये, तिचे वरण होते.

सगळ्याच भाज्या लपत नाहीत. ब्रोकोली उग्र वासाने ओळखू येते, पालकाचे काळपट तुकडे दिसतात. फ्लॉवर बारीक किसून शंभर ग्रॅमपर्यंत खपतो. भाजीचे वजन खिम्यापेक्षा फारसे जास्त होऊ देऊ नये. त्यापुढे मिश्रण बनमध्ये धरत नाही. पहिल्यांदा करताना निम्म्याच भाजीने सुरुवात करावी.

आणि हिशेब खरा सांगावा. टोमॅटो धरून एका बनमध्ये कच्च्या वजनाने नव्वद-पंचाण्णव ग्रॅम भाजी येते. दिवसाला फळे-भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम खाव्यात या शिफारशीचा तो पाचवा हिस्सा, किंवा थोडा जास्त. लपवलेले गाजर खाऊन मूल गाजर खायला शिकत नाही, त्याची ओळख पुन्हा पुन्हा ताटात दिसूनच होते. म्हणून बनशेजारी त्याच गाजराच्या दोन कांड्या उघड ठेवाव्यात. मुलाने विचारले तर आत काय आहे ते सरळ सांगावे.

आपल्या पुरवणीला विनंती अशी की अशा पाककृती छापताना ‘एक मध्यम गाजर’ न लिहिता ग्रॅममध्ये वजन द्यावे आणि दर बनमागे साखर किती ते शेजारी छापावे. वूस्टरशायर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासे असतात, मोहरीचीही काहींना ॲलर्जी असते; पाहुण्यांच्या मुलांना वाढण्याआधी हे सांगायलाच हवे, आणि तशी सूचना कृतीच्या वरच असावी. उरलेले मिश्रण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे, हेही एका ओळीत बसेल.

आपली नम्र,
एक वाचक