विहिरीचा गाळ पावसाआधी निघायलाच हवा : सर्व रहिवाशांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या पाथर्डी शिवारात आपली पहिली घरं उभी राहिली तेव्हा नळ नव्हता. होती ती मळ्यातली ही विहीर. ज्या शेतकरी कुटुंबाने प्लॉट पाडतानाही ती बुजू दिली नाही, त्यांचे उपकार मंडळ विसरणार नाही. पुढे प्रेसमधून निवृत्त झालेल्या अण्णांनी फंडाच्या पैशातून पंप बसवून दिला. गिरणीवाल्या काकूंनी वरून लोखंडी जाळी करून दिली आणि पावतीवर नावही घालू दिलं नाही. "पोरं पडायला नकोत, एवढंच," म्हणाल्या. आज त्याच जाळीत पिशव्या अडकल्यात, खाली काळा गाळ दिसतो. बघून जीव तुटतो.

बंगल्यांच्या जागी आता इमारती आल्या. गंगापूर धरणात साठा असला तरी आपल्या टोकाला दाब उरत नाही. वाटेत कुणी नळाला थेट मोटर लावली की शेवटच्या गल्लीत करंगळीएवढी धार, हंडा भरायच्या आत तीही बंद. मागच्या पत्र्याच्या खोल्यांतल्या बायका टँकरमागे धावतात. टँकरची वर्गणी आपण एका दिवसात जमवतो, पण विहिरीसाठी बोलावलेल्या सभेला माणसांपेक्षा खुर्च्याच जास्त होत्या. कार्यकर्त्यांना ते फार लागलं.

आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत, म्हणून खोल बोअरही कोरडी जाते. पावसाचं पाणी मिळालं तर ही विहीर तग धरेल. १०० चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस पडला तरी १०० लिटर पाणी होतं. सभामंडपाच्या गच्चीवरचं पाणी गाळणीतून विहिरीत सोडायचं ठरलं आहे. हे पाणी वापरायचं, पिण्यासाठी नळाचंच.

गाळ, कठडा, पंप, पाइप व गाळणी मिळून खर्च मोठा आहे. घरटी १,५०० रु., भाडेकरूंनी यथाशक्ती. रोख वा मंडळाच्या नावे धनादेश, सायं. ७ ते ९, सभामंडपात खजिनदारांकडे, १५ मेपर्यंत, पावती घ्यावीच. ट्रॅक्टर असणाऱ्यांनी नाव कळवावं. पैसे जमत नसतील त्यांनी रविवारी सकाळी ७ वाजता घमेलं-फावडं घेऊन यावं. गाळ काढायला विहिरीत फक्त ठरवलेली माणसंच उतरतील. विहिरीच्या पाण्याच्या हौदाचा नळ भाडेकरू-मजुरांसह सर्वांना खुला राहील, तसा ठराव झाला आहे.

आपला,
सचिव, रहिवासी मंडळ