आवाहन : रोबोटिक्स स्पर्धेला पंच हवेत

सप्रेम नमस्कार.

सांगली जिल्ह्यातल्या शाळांसाठी आमचं विज्ञान मंडळ जानेवारीत रोबोटिक्स स्पर्धा घेतं, हे आपल्याला ठाऊक असेलच. यंदाच्या ढाली, स्मृतिचिन्हं, मंडप, चहा या सगळ्याला देणगीदार केव्हाच मिळाले. टेबलाशी उभं राहून अडीच मिनिटं डोळ्यांत तेल घालून पाहणारी माणसं मात्र मिळत नाहीत. हे आवाहन त्यांच्यासाठी आहे.

शाळांकडे साहित्य येऊ लागलं आहे. 2016 साली सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशन या केंद्र सरकारच्या योजनेतून टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी हाताने काही बनवून पाहायच्या प्रयोगशाळेसाठी, शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. ज्यांच्याकडे लॅब नाही ते आर्डुइनो (प्रोग्रॅम भरता येणारं छोटं सर्किट बोर्ड), दोन मोटारी आणि प्लायवुडच्या तुकड्यावर गाडी उभी करतात. जत, आटपाडी, शिराळ्याकडचे संघ मांडीवर खोकं सांभाळत पहाटेच्या एसटीने येतात. मुलं वाढली, पण पंच वाढले नाहीत. मग भाग घेणाऱ्या शाळांच्या शिक्षकांनाच पंच म्हणून उभं करावं लागतं, फक्त त्यांचा स्वतःचा संघ नसलेल्या टेबलावर. शिक्षक सरळच असतात. तरी पाच गुणांनी मागे पडलेल्या संघाला पलीकडच्या टेबलावरचे सर कुठल्या शाळेचे, हे पक्कं माहीत असतं.

नियम आम्ही घरी बसून रचलेले नाहीत. फर्स्ट लेगो लीग या आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धेत रोबोकडून टेबलावरची ठरावीक कामं करून घेतात, तिची पद्धत बरीचशी उचलली आहे. एक फेरी अडीच मिनिटांची, प्रत्येक संघाला तीन फेऱ्या, त्यातली सर्वांत चांगली धरायची. रोबो टेबलावर ‘घर’ म्हणून आखलेल्या चौकटीतून एकदा निघाला की स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालला पाहिजे. वाटेत अडकला आणि मुलांनी हात घालून उचलला, तर संघाच्या सहा टोकनांतलं एक पंच काढून घेतो. शेवटी सहा किंवा पाच टोकनं उरली तर 50 गुण, चार उरली तर 35, तीन उरली तर 25. म्हणजे पहिल्यांदा हात लागला तर काही बिघडत नाही, दुसऱ्यांदा लागला की 15 गुण जातात. आता पाहा, मुलीने हात घातला तेव्हा रोबो पुरता चौकटीत आला होता, की मागचं चाक अजून बाहेर होतं? हे तिथल्या तिथे सांगता आलं पाहिजे. आईने गर्दीतून मोबाइलवर घेतलेलं चित्रीकरण आम्ही पुरावा म्हणून बघत नाही, कारण ज्याची आई त्या दिवशी मजुरीवर गेली आहे त्याच्याकडे ते नसतं.

फेरी संपली की मोजणी. टेबलावर जे जसं थांबलंय ते तसंच ठेवायचं, मुलांना शेजारी उभं करून एकेक वस्तू दाखवत गुणपत्रक भरायचं, पटलं की त्यांची सही घ्यायची. रेषेवरचा ठोकळा आत की बाहेर हे खरोखरच ठरत नसेल, तर संशयाचा फायदा संघाला. नियम वाचायला सोपा आहे. पण सकाळी दहाला ताजातवाना पंच जो फायदा देतो, तोच दुपारी तीनला, जेवण अंगावर आलेलं असताना देईल याची खात्री नाही. म्हणून यंदा प्रत्येक टेबलाशी दोन पंच आणि दर तासाला पाळी बदल, असं ठरवलं आहे. चार टेबलांना दोन पाळ्यांचे मिळून 16 पंच लागतील, वर एक प्रमुख पंच.

यासाठी इंजिनिअरच पाहिजे, हा समज आधी डोक्यातून काढा. आमचा अनुभव उलट आहे. इंजिनिअर गिअर कसा बसवलाय ते बघत रमतो आणि तेवढ्यात चाक रेषेवरून जातं. गेल्या खेपेला सर्वांत चोख काम कुणी केलं, तर कबड्डीच्या एका जुन्या पंचांनी. बोनस रेषेपलीकडे पाय टेकला तेव्हा मागचा पाय हवेत होता का, हे आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला ठोकळ्याचं काय मोठंसं! कुपवाड एमआयडीसीत तपासणी खात्यात असलेले, आयटीआयचे निवृत्त निदेशक, बँकेत रोकड सांभाळलेले, खो-खो आणि कॅरमचे पंच, बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या ताई, सगळे चालतील. समोर रडवेलं पोर असतानाही नियम आहे तसा सांगता आला पाहिजे, एवढीच अट.

रोबोकॉन या कॉलेजांच्या रोबो स्पर्धेत उतरलेल्यांना एक वेगळी विनंती. एबीयू (आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन) रोबोकॉनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा 2008 आणि 2014 साली पुण्यात झाली, आणि राष्ट्रीय फेरीसाठी कॉलेजांचे संघ बालेवाडीला जायचे. तेव्हा वर्कशॉपमध्ये रात्री काढलेली मंडळी आज कारखान्यांत मोठ्या हुद्द्यांवर आहेत. पंचाच्या शिट्टीने गेलेली एखादी फेरी आठवून तुमच्यापैकी कोणी आजही चरफडत असेल. या, आता शिट्टी तुमच्या हातात देतो.

परीक्षकांचं, म्हणजे वेगळ्या खोलीत मुलांना रोबोबद्दल प्रश्न विचारणाऱ्यांचं, काम टेबलापेक्षा अवघड. काही रोबो मुलांनी केलेले नसतात, ते वडिलांनी, कोचने किंवा क्लासवाल्यांनी केलेले असतात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि उघड कोणी बोलत नाही. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धेत यावर नामी उपाय आहे. स्पर्धेच्या दिवशीच एक ‘सरप्राइज रूल’ जाहीर होतो आणि तो मुलांनी कोचच्या मदतीशिवाय निभावायचा असतो. आम्हीही यंदा सकाळी असा एक छोटा बदल जाहीर करणार आहोत. बाकीचं परीक्षकांच्या खोलीत उमगतं. ‘रोबोचा हा हात आधी कुठं होता? मग इथं का आणला?’ एवढं विचारा. ज्याने तो खरंच हलवलाय त्याला नंतर गप्प करावं लागतं. विचारायचं मात्र संघातल्या प्रत्येकाला, आणि पोलिसी आवाजात नाही. पाठ केलेलं इंग्रजी भाषण झकास झालं म्हणून जादा गुण मिळणार नाहीत. जतकडच्या काही मुलांना मराठीपेक्षा कन्नड सोपी जाते, त्यामुळे कन्नड येणारा एक तरी परीक्षक मिळाला तर फार बरं होईल.

ज्यांचं मूल, नातवंडं किंवा शिकवणीचे विद्यार्थी खेळणार आहेत, त्यांना यंदा पंच किंवा परीक्षक होता येणार नाही. त्यांच्या सचोटीबद्दल शंका नाही, पण हरलेल्या मुलाला ती समजावून सांगत बसायची वेळ येऊ नये. नोंदणी, टेबलं उचलणं, जेवणाची पंगत यांसाठी त्यांनी जरूर यावं. परीक्षकांच्या खोलीत मुलांसोबत एकटा मोठा माणूस कधीही असणार नाही, दोघे असतील. मुलांचे फोटो कोणी स्वतःच्या फोनवर काढायचे नाहीत.

आता पैशाचं. पंचांना मानधन नाही, पण भाडं आणि जेवण मंडळ देतं. ते दिलं नाही तर पंच फक्त सांगली-मिरजेचेच उरतात, आणि विट्याच्या किंवा कवठेमहांकाळच्या पालकांना ते बरोबर खटकतं. एका पंचामागे दिवसाचे 500 रुपये धरले आहेत. त्याशिवाय सरावासाठी टेबलावर अंथरायची एक छापील मॅट, आठ स्टॉपवॉच आणि मराठी नियमपुस्तिकेची छपाई एवढा खर्च आहे. रोख द्या किंवा वस्तू द्या, पावती मिळेल. आयकरात सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ढाली कृपा करून आता नकोत. देणगीदारांची नावं स्पर्धा संपेपर्यंत फलकावर लागणार नाहीत, पंचांनाही ती कळणार नाहीत. देणगीदाराचा नातू मैदानात असेल, तर त्याचे गुण त्याच्या रोबोनेच मिळवायचे.

नावनोंदणीची वही मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी 6 ते 8 या वेळेत ठेवलेली असते. मुदत 30 नोव्हेंबर. प्रशिक्षण डिसेंबरच्या पहिल्या दोन शनिवारी दुपारी आहे. पहिल्या शनिवारी टेबलाचे फोटो दाखवून प्रत्येकाने ‘आत’ की ‘बाहेर’ ते कागदावर लिहायचं, मग कागद एकदम उघडायचे आणि सगळ्यांचं उत्तर एक होईपर्यंत नियम पुन्हा वाचायचा. दुसऱ्या शनिवारी खऱ्या रोबोंवर सराव. दोन्हींपैकी एकही शनिवार चुकवणाऱ्यांना टेबल मिळणार नाही, मग ते कितीही मोठे असोत. मॅटवरच्या रेषा बारीक आहेत, तेव्हा जवळचा चष्मा सोबत आणावा.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ