पेन कपाटात होतं, किल्ली बाहेर गेली होती

नमस्कार मंडळी,

खूप दिवस लिहायचं लिहायचं म्हणून राहत होतं, आज शेवटी पोरगी झोपल्यावर बसलेय. हे आपल्या पालक गटातर्फे आवाहन आहे, पण मला ऑफिशियल भाषा जमत नाही, आमच्यातल्या एकांनी तसला एक ड्राफ्ट केला होता तो वाचताना मलाच जांभया आल्या, म्हणून म्हटलं द्या इकडे, मी लिहिते. मागणी अशी आहे की डेकेअर, पाळणाघर, प्लेस्कूल, जिथे जिथे लहान मुलं दिवसभर सांभाळतात तिथे अ‍ॅलर्जीचं इमर्जन्सी औषध, म्हणजे एपिनेफ्रिनचं पेन (काही जण अ‍ॅड्रेनालिन म्हणतात, औषध तेच; मांडीवर दाबलं की आपोआप सुई टोचून औषध देणारं पेनासारखं इंजेक्शन) हाताशी असावं, ते द्यायला शिकलेलं माणूस तिथे कायम असावं आणि चांगल्या हेतूने दिलं म्हणून उद्या त्या माणसाच्या मागे कोणी लागू नये. आणि हे कायद्यात लिहिलेलं असावं, एखाद्या संचालिकेच्या चांगुलपणावर नको. त्यासाठी तुमची मदत पाहिजे. पैशाची पण पाहिजे पण त्याचं शेवटी सांगते.

आधी आमच्या घरचं. माझी मुलगी तेव्हा 22 महिन्यांची होती, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आधीच कळलेली, डॉक्टरांची चिठ्ठी, रिअ‍ॅक्शन आली तर काय करायचं याचा तिचा फोटो लावलेला प्लॅन, पेन, सगळं डेकेअरला पहिल्याच दिवशी दिलेलं. मी तर बाकीच्या आयांना वेडी वाटावी इतकी काटेकोर होते. एक दिवस दुसऱ्या कुठल्यातरी मुलाच्या हातातलं काहीतरी हिने तोंडात घातलं, काय ते आजपर्यंत कळलेलं नाही. तिथल्या ताई सांगतात ही आधी एकदम गप्प झाली, मग जीभ बोटांनी खरवडायला लागली, मग रडली तर आवाज घोगरा, बसका, तिचा नव्हेच. त्या बाईंना लगेच कळलं हो, हे मी मुद्दाम सांगतेय कारण लोक पटकन सांभाळणाऱ्यांना दोष देतात. त्या धावत कपाटाकडे गेल्या तर कपाटाला कुलूप, कारण नियम असा की सगळी औषधं मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून कुलपात, आणि किल्ली ज्यांच्याकडे त्या मॅडम कामाला बाहेर. त्यांनी मला फोन केला. अँब्युलन्सला नाही, मला. मी दहा मिनिटांवर होते आणि पर्समध्ये दुसरं पेन असतं म्हणून पोचले, लेगिंगवरूनच मांडीत दिलं, ती जोरात किंचाळली आणि त्या किंचाळण्यात तिचा नेहमीचा आवाज परत ऐकू आला तेव्हा मी खालीच बसले. पुढे अँब्युलन्स, रात्रभर ऑब्झर्वेशन, सगळं नीट झालं.

नंतर आठवड्याने त्या ताईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "खरं सांगू का, किल्ली असती तरी माझी हिंमत झाली नसती. आम्हाला सांगितलंय औषध द्यायचं तर लेखी परवानगीने, आणि सुईला तर हातच लावायचा नाही."

मी बरेच दिवस त्या किल्लीवर चिडले होते. पण किल्ली हा अर्धाच प्रॉब्लेम होता, उरलेला अर्धा ताईंच्या त्या वाक्यात होता, आणि तो माझ्या कितीही चिठ्ठ्यांनी सुटणारा नव्हता.

ज्यांच्या घरी अ‍ॅलर्जी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणजे अंगाला खाज सुटली, गांधी उठल्या एवढंच नाही. शरीराची रिअ‍ॅक्शन इतकी जोरात येते की घसा, श्वासनळ्या सुजतात, बीपी धाडकन खाली येतं, आणि हे मिनिटांत होऊ शकतं. याच्यावर पहिलं औषध एकच, एपिनेफ्रिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यांवरून दिलं तरी चालतं. आपण घरात ठेवतो ते अ‍ॅलर्जीचं सिरप खाज आणि पुरळ कमी करतं, पण सुजलेला घसा आणि पडलेलं बीपी ते सावरत नाही, आणि पोटातून चढायला वेळ लागतो तो वेगळाच. "आधी सिरप देऊन बघू" यातच वेळ जातो. पेन दिल्यावर मुलाला आडवं ठेवायचं, पाय थोडे वर, श्वासाला त्रास होत असेल तर बसतं ठेवायचं, पण उभं करून चालवायचं नाही. आणि अँब्युलन्स बोलवायचीच, कारण काही वेळा बरं वाटल्यावर काही तासांनी परत उसळी येते. पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस लागतो, म्हणून डॉक्टर दोन पेनं ठेवायला सांगतात.

आता लहान मुलांची गोष्ट वेगळी का, तर दोन वर्षांचं मूल "माझा घसा आवळतोय" असं म्हणत नाही. ते जीभ ओढतं, कान चोळतं, लाळ गाळतं, एकदम मलूल होऊन खांद्यावर डोकं टाकतं, नाहीतर उलटी करतं, आणि यातलं प्रत्येक लक्षण साध्या सर्दीत किंवा दात येताना पण दिसतं. ओळखायला शिकवावंच लागतं, नुसत्या मायेने ते येत नाही.

शिवाय याच वयात मुलं नवनवे पदार्थ पहिल्यांदा खातात. म्हणजे अ‍ॅलर्जी आहे हे कोणालाच माहीत नसतं, आईबापांनाही नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांच्या नोंदींचा एक अभ्यास 2005 मध्ये छापून आला होता, त्यात ज्यांना शाळेत एपिनेफ्रिन द्यावं लागलं त्यातल्या सुमारे 24 टक्के जणांची अ‍ॅलर्जी तोपर्यंत शाळेला माहीतच नव्हती. अशा मुलाच्या नावाचं पेन कपाटात असणार कुठून? म्हणूनच आमची मागणी कोणाच्याही नावाचं नसलेल्या, जागेवर ठेवलेल्या स्टॉक पेनची आहे. माझ्या मुलीचं पेन तिचं तिच्याकडे राहील, हे बाकीच्यांसाठी.

असे कायदे होतात का, तर होतात, आणि बऱ्याचदा ते एखाद्या आईबापाने मूल गेल्यावर उभं राहून करून घेतलेले असतात. कॅनडात ऑन्टारिओमध्ये सब्रिना शॅनन नावाची 13 वर्षांची मुलगी 2003 मध्ये शाळेत फ्राइज खाल्ल्यावर वारली, त्या फ्राइजना बहुधा चिमट्यातून दुधाच्या पदार्थाचा अंश लागला होता. तिचं पेन तिच्या लॉकरमध्ये होतं, आणायला माणूस पळाला पण उशीर झाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॉकर या शब्दाशीच अडकले. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि सब्रिनाज लॉ 2005 मध्ये पास होऊन 2006 पासून लागू झाला. त्यात दोन गोष्टी आहेत ज्या आपल्याला जशाच्या तशा पाहिजेत: विद्यार्थ्याला अशी रिअ‍ॅक्शन येतेय असं वाटायला कारण असेल तर कर्मचारी आधीची परवानगी नसतानाही पेन देऊ शकतो, आणि चांगल्या हेतूने दिलं तर त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा चालत नाही. ताईंच्या "हिंमत झाली नसती" ला याच्याइतकं चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

पण तो कायदा शाळांचा. अमेरिकेत 2013 मध्ये ओबामांनी सही केलेला कायदा, ज्याने शाळांना स्टॉक पेन ठेवायला लावणाऱ्या राज्यांना अनुदानात प्राधान्य दिलं, तोही शाळांचा (सही करताना त्यांनी आपल्या मोठ्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असल्याचं सांगितलं होतं, म्हणजे बघा, हे कोणाच्याही घरात असतं). ब्रिटनमध्ये 1 ऑक्टोबर 2017 पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय पेन विकत घेऊन ठेवायची मुभा मिळाली, तीही शाळांनाच. सगळीकडे आधी शाळा आणि मग कधीतरी डेकेअर. ज्याला बोलता येतं त्याची सोय आधी आणि ज्याला येत नाही ते रांगेत मागे, हे मला अजून पटलेलं नाही.

डेकेअरसाठी म्हणून झालेला कायदा म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला एलायजाज लॉ. एलायजा सिल्व्हेरा तीन वर्षांचा होता, दुधाची गंभीर अ‍ॅलर्जी, डेकेअरला ते कळवलेलं, आणि तरी 2017 च्या नोव्हेंबरमध्ये त्याला ग्रिल्ड चीज सँडविच दिलं गेलं. तिथेही आधी अँब्युलन्सला नाही तर आईला फोन गेला. तो वाचला नाही. त्याच्या आईवडिलांनी मागे लागून 2019 मध्ये कायदा करून घेतला, ज्यात डेकेअरना अ‍ॅलर्जी टाळायची कशी, ओळखायची कशी आणि रिअ‍ॅक्शन आली तर करायचं काय याचे नियम पाळावे लागतात. नंतर इलिनॉयमध्येही तसा कायदा झाला. माझ्या ताईंनी पण आधी मलाच फोन केला होता. माझ्यात आणि त्या आईत फरक फक्त दहा मिनिटांचा आणि पर्समधल्या पेनचा, अजून काही नाही.

आमचा मसुदा दीड पानाचा आहे. पेनं कुलपात नकोत, उंचावर पण उघड्या, खूण लावलेल्या जागी, साधारण 20 ते 25 डिग्रीत, फ्रिजमध्ये नाही आणि खिडकीतल्या उन्हात नाही. एक्सपायरी तपासायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर. दर शिफ्टला किमान दोन शिकलेली माणसं, एक जण पेन देईल, दुसरा फोन करेल. डोसचा मुद्दा जरा किचकट आहे, 0.15 मिलिग्रॅमचं पेन साधारण 15 ते 30 किलोच्या मुलांसाठी असतं आणि डेकेअरमधली कितीतरी मुलं 15 च्या खाली. अमेरिकेत 7.5 ते 15 किलोसाठी 0.1 मिलिग्रॅमचं पेन 2017 मध्ये मंजूर झालं, पण ते सगळीकडे मिळतंच असं नाही, म्हणून कुठलं ठेवायचं हे आम्ही मसुद्यात लिहिलेलं नाही, बालरोगतज्ज्ञांच्या लेखी सूचनेवर सोडलंय. तुमच्यात कोणी डॉक्टर असेल तर प्लीज हा परिच्छेद वाचून सांगा चुकलंय का.

मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, गरज नसताना दिलं तर? छाती धडधडते, हात थरथरतात, चेहरा पांढरा पडतो, आणि बहुतेक मुलांमध्ये थोड्या वेळात ओसरतं. गरज असताना दिलं नाही तर काय होतं ते वर लिहिलंय.

गेल्या महिन्यात आम्ही एका डेकेअरमध्ये ट्रेनर पेन घेऊन गेलो होतो, त्यात सुई नसते, औषध नसतं, नुसता खटका. दहा जणींपैकी चौघींनी पहिल्यांदा पेन उलटं धरलं, अंगठा नेमका जिथून खऱ्या पेनाची सुई येते त्या टोकावर. खऱ्या पेनाने असं झालं की औषध अंगठ्यात जातं आणि मूल तसंच राहतं. तिसऱ्या वेळेला सगळ्यांना जमलं. अर्धा तास पण लागला नाही. एक आजीबाई वयाच्या मावशी होत्या, त्या तर नंतर सोडेचनात, स्वतःच्या मांडीवर खटके मारून मारून बाकीच्यांना शिकवत बसल्या.

तर आता मदत. एक, सोबतच्या निवेदनावर सही करा, अ‍ॅलर्जी तुमच्या घरी नसली तरी, कारण फक्त आमच्याच सह्या असल्या की "यांचा पर्सनल प्रॉब्लेम" म्हणून फाईल खाली जाते. तुमच्या मुलासोबत असं काही घडलं असेल तर एक पान लिहून द्या, काय झालं आणि किती मिनिटं गेली एवढंच, मुलाचं आणि संस्थेचं नाव नको, आम्हाला कोणाला उघडं पाडायचं नाहीये. वकील पाहिजे, निदान एक, कायद्याच्या संरक्षणाचं कलम आम्ही गावठी भाषेत लिहिलंय ते नीट करून द्यायला. समितीसमोर सुनावणी लागली तर बोलायला येतील असे चार-पाच आईबाबा पाहिजेत, आणि मनापासून सांगते, बाबा लोकांनी या, आतापर्यंत सगळ्या आयाच आहोत. डेकेअर चालवणाऱ्यांनी तर याच, हा कायदा तुमच्या विरोधात नाही, तुमच्या ताईंना धीर देणारा आहे, आणि त्यात न जमण्यासारखं काही असेल तर आत्ताच सांगा, नंतर भांडण्यापेक्षा बरं.

आणि पैसे. ते ट्रेनर पेनं घ्यायला, निवेदनाच्या प्रती काढायला आणि सुनावणीला लांबून येणाऱ्यांच्या प्रवासाला लागणार आहेत. कितीही चालतील. हिशेब दर महिन्याला गटात टाकू, पावती सगळ्यांना मिळेल. खरी पेनं आम्ही या पैशातून घेणार नाही, कोणाच्या नावाची नसलेली पेनं ठेवायची परवानगीच अजून डेकेअरना नाही, त्यासाठीच तर हे सगळं चाललंय.

पैसे देणं जमत नसेल तर एक काम करा. उद्या मुलाला सोडायला जाल तेव्हा दारातच विचारा, इमर्जन्सीचं औषध कुठे ठेवता आणि आत्ता या क्षणी किल्ली कोणाकडे आहे. जे उत्तर मिळेल ते जसंच्या तसं आम्हाला लिहून पाठवा, निवेदनाला जोडायचंय.