ट्रंक आठवडाभर आधीच भरलेली होती

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मन्या,

तुझं पत्र मिळालं. ‘सिटिझन केन’ पाऊण तास पाहून बंद केलास आणि लगेच लिहायला बसलास, हे पहिल्या ओळीतच कळलं. ‘जगातला सर्वांत थोर चित्रपट म्हणून इतकी वर्षं जे ऐकत आलो ते हेच का? की सगळे एकमेकांच्या माना बघून माना डोलवतायत?’ असं तू विचारलंयस. हा प्रश्न मीही कितीतरी वर्षं बाळगून होतो, आणि कुणापाशी काढायची हिंमत झाली नव्हती. म्हणून सविस्तर लिहितो.

मी ‘केन’ पहिल्यांदा पाहिला तो लॉ कॉलेज रोडवर, फिल्म अर्काइव्हमध्ये. तुझी सबमिशन्स चालू होती म्हणून तू आला नव्हतास. खेळाआधी एका जाणकारांनी अर्धा तास समजावून सांगितलं होतं. हॉलिवूडच्या सेटला तेव्हा बहुधा छत नसायचं, वरून दिवे सोडलेले असायचे. इथे कापडाची छतं ताणली आणि कॅमेरा जमिनीलगत नेला, ती छतं बघा. ग्रेग टोलंडचं छायालेखन बघा, जवळचं आणि लांबचं एकाच वेळी कसं स्वच्छ दिसतं. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स, वृत्तपत्रमालक केनची भूमिका करणाराही तोच, तेव्हा अवघा पंचविशीचा होता, हेही सांगितलं. सगळं खरं होतं. मी दोन तास छतं बघितली, फोकस बघितला आणि माणसं बघायची राहूनच गेली. बाहेर पडलो तेव्हा मन कोरडं होतं आणि तोंडाने मात्र ‘ग्रेट आहे’ म्हणत होतो.

पुन्हा पाहिला तो गेल्या वर्षी. बाबांच्या पश्चात वाईचं घर रिकामं करून आलो, त्याच आठवड्यात. माळ्यावर माझी लोखंडी ट्रंक सापडली होती. तुला ठाऊक आहे, चौथीनंतर शिक्षणासाठी मला मामाकडे ठेवलं, तेव्हाची. झोप येईना म्हणून रात्री चित्रपट लावला, आणि सुरुवातीचा तो बर्फातला प्रसंग आला. तू तेवढा नक्की पाहिला असशील. कोलोरॅडोतलं खाणावळवजा घर. खिडकीबाहेर पोरगं, म्हणजे लहानपणीचा केन, बर्फात खेळतंय, ओरडतंय. आत त्याची आई कागदांवर सही करतेय, पोराला एका बँकवाल्याच्या स्वाधीन करण्यासाठी. बाप कुरकुरतोय. कॅमेरा खिडकीपासून मागे मागे येतो, मोठी माणसं टेबलाशी बसतात आणि त्यांच्या मधोमध, लांब, खिडकीच्या चौकटीत ते पोर दिसत राहतं. आपला निकाल लागतोय याचा त्याला पत्ता नाही. टोलंडचा तो फोकस कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं. पोरगं अंधुक झालं असतं, तर आपण त्याला विसरलो असतो.

आणि मग आई सांगते की त्याची ट्रंक भरून ठेवली आहे, आठवडा झाला भरून.

मन्या, हे वाक्य मी विशीत ऐकलंच नव्हतं. अॅग्नेस मूरहेड ते म्हणते तेव्हा आवाज चढवत नाही, डोळे पुसत नाही. आठवडाभर ती बाई रोज त्या ट्रंकेवरून ये-जा करत असणार. माझ्या आईनेही माझे कपडे असेच आधी भरून ठेवले होते. मी चित्रपट थांबवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

तेव्हापासून मला वाटतं, की थोर म्हणवल्या जाणाऱ्या बऱ्याच चित्रपटांची कीर्ती खरी आहे, पण तिचं कारण आपल्याला चुकीचं सांगितलं गेलंय. ‘केन’ म्हटलं की छतं, फोकस आणि मरताना उच्चारलेला तो एक शब्द. शब्दाचा उलगडा मी सांगत नाही, पण त्यासाठी हा चित्रपट बघू नकोस. केनचा जुना सहकारी, म्हातारा बर्नस्टीन, त्याच्यासाठी बघ. वार्ताहर त्याला केनबद्दल विचारतो आणि तो मध्येच सांगायला लागतो: 1896 साली तो न्यूयॉर्कहून फेरीबोटीने जर्सीला चालला होता, समोरच्या बोटीतून एक मुलगी उतरायला उभी होती, पांढरा झगा, पांढरी छत्री. त्याने तिला क्षणभर पाहिलं, तिने तर पाहिलंही नाही. आणि तेव्हापासून एक महिना असा गेला नाही, की तिची आठवण आली नाही. गोष्टीशी या मुलीचा काही संबंध नाही, ती पडद्यावर दिसतही नाही. तू रोज सकाळी त्याच पाण्यावरून फेरीने कामाला जातोस, म्हणून तुला हे मुद्दाम लिहितोय.

केनचं पहिलं लग्नही बघ. नाश्त्याचं टेबल, नवरा-बायको, दोन-अडीच मिनिटांत सगळी वर्षं सरतात. सुरुवातीला एकमेकांवरून नजर हटत नाही, शेवटी ती त्याच्यासमोर बसून प्रतिस्पर्धी वर्तमानपत्र वाचत असते. एक शब्द नाही.

‘मग हे लोकांना पहिल्यापासून का दिसलं नाही?’ असं तू विचारशील. काहींना दिसलं होतं. पण चित्रपट 1941 चा. वृत्तपत्रांचा मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याला तो आपल्यावरच बेतलाय असं वाटलं आणि त्याच्या वृत्तपत्रांनी जाहिरातीसुद्धा घेतल्या नाहीत. ऑस्करची नऊ नामांकनं, हाती आलं एकच, पटकथेचं. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. 1952 च्या पहिल्या कौलात ‘केन’ पहिल्या दहांतही नव्हता. मग 1962 पासून 2002 पर्यंत सलग पहिला. 2012 मध्ये हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ने त्याला खाली ओढलं आणि 2022 मध्ये बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकरमानच्या चित्रपटाने ‘व्हर्टिगो’ला. ज्या क्रमांकाच्या दडपणाखाली तू पाऊण तास बसलास, तो असा हलता आहे. त्याच्याशी भांड, पण चित्रपटावर राग काढू नकोस.

‘व्हर्टिगो’चं सांगायचं तर तो मला तीनदा बघूनही पहिल्या नंबराचा वाटला नाही. त्यातल्या खुनाच्या कटाची जुळणी पटत नाही. कुणी एवढा गुंतागुंतीचा बेत आखून तो पार पडेल अशी आशा धरेल, यावर माझा विश्वास बसत नाही. पण किम नोव्हाक केस रंगवून, जेम्स स्टुअर्टला हवा तसाच करडा सूट घालून हॉटेलच्या खोलीत त्या हिरव्या उजेडातून पुढे येते, तेव्हा अंगावर काटा येतो. एका बाईला पुसून तिच्या जागी दुसरी उभी करणारा पुरुष प्रेमाच्या भाषेत बोलतो, हे हिचकॉकने 1958 मध्ये इतक्या निर्दयपणे दाखवलं. तेवढ्यासाठी मी तो चौथ्यांदाही बघेन.

‘कासाब्लांका’बद्दल मात्र मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. आपण तो बोगार्ट आणि बर्गमनची प्रेमकहाणी म्हणून पाहिला. आता मागची माणसं बघ. बोगार्टच्या, म्हणजे रिकच्या कॅफेत बसलेला जवळजवळ प्रत्येक जण नाझींपासून दूर पळायला व्हिसाची वाट बघतोय, आणि ती भूमिका करणाऱ्यांपैकी कितीतरी जण खरोखरच युरोपातून जीव वाचवून आलेले होते. जर्मन मेजर झालेला कॉनराड फाइट स्वतः नाझींमुळे जर्मनी सोडून आला होता. जुगाराच्या टेबलावरचा मार्सेल दालियो आणि रडत गाणारी मादलेन लबो ही दोघं 1940 मध्ये जर्मन फौजा येण्याआधी पॅरिसमधून निसटली होती. 1942 च्या उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत, जर्मन सैनिकांचं गाणं दाबून टाकायला सगळा कॅफे फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हणतो. लबोच्या गालावरचं पाणी बघ. युद्ध कोण जिंकणार हे तेव्हा तिला माहीत नव्हतं. म्हणूनच हा प्रसंग कुणी नुसता ‘भावनिक’ म्हटलं की मला वाईट वाटतं.

त्यातलीच ती बल्गेरियन नवपरिणीत मुलगी आठव, व्हिसासाठी काय किंमत मोजावी लागेल हे रिकला आडून आडून विचारणारी. रिक काही बोलत नाही. तिच्या नवऱ्याला जुगाराच्या टेबलावर बावीस नंबर लावायला सांगतो, दोनदा, आणि जिंकू देतो. व्हिसाच्या रांगेत तूही उभा राहिलायस. तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल.

सगळेच कीर्तीला उतरतात असं मी म्हणणार नाही. ‘गॉन विथ द विंड’ मी दिवाळीत पुन्हा पाहिला, जवळजवळ चार तास. जखमी सैनिकांनी भरलेल्या रेल्वेच्या आवारावरून कॅमेरा वर वर जातो, तो शॉट आजही थक्क करतो. पण अमेरिकेतल्या गुलामगिरीला सुखी संसार म्हणून दाखवणारं ते सगळं माझ्याच्याने बघवेना. हॅटी मॅकडॅनियलला त्यातल्या कामासाठी ऑस्कर मिळालं, ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. अटलांटातल्या पहिल्या खेळाला जॉर्जियातल्या वर्णभेदाच्या कायद्यांमुळे ती जाऊ शकली नव्हती, आणि ऑस्करच्या रात्रीही तिला सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. हे कळल्यावर तिचा प्रत्येक प्रसंग मी तिच्याकडेच बघत काढला. बाकी चित्रपटाची थोरवी मला दिसली नाही, आणि हे आता मी निर्धास्त सांगतो.

चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’बद्दल थोडक्यात: बोलपट येऊन तीन वर्षं उलटली तरी 1931 मध्ये त्याने तो मूकच ठेवला. शेवटी, आधी आंधळी असलेली फुलवाली चॅप्लिनला हाताच्या स्पर्शावरून ओळखते. आईला दिसणं कमी झालंय, तरी तिने तो खुर्ची जवळ ओढून माझ्याबरोबर पाहिला आणि त्या शेवटाला माझा हात धरला. त्याविषयी जास्त लिहीत नाही.

तू ‘केन’ पुन्हा लाव. पाऊण तासापासून पुढे नको, सुरुवातीपासून. ती छतं-बितं राहू दे. खिडकीतलं पोरगं नजरेआड होऊ देऊ नकोस, आणि ट्रंकेचं वाक्य आलं की आवाज थोडा वाढव, ती फार हळू म्हणते. मग मला लिही, कितीही रात्र झाली तरी.

माझी ट्रंक मी पुण्याला आणलीय. आईच्या खोलीत आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अवि