रविवारचं रक्त रद्द, शनिवारचा नंबर पक्का

खारघर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, हे पत्र तू मोठ्यानं वाच. बाबांनी नुसतं ऐकायचं. फोन केला असता तर त्यांनी मध्येच वाद घातला असता आणि त्या इतके दिवस बसलेल्या घशाला सध्या वाद परवडत नाही, म्हणून कागद.

आधी सांगून टाकते. रविवारी सकाळी रक्त न्यायला येणारा मुलगा येणार नाही. ते ‘कॅन्सर मार्कर पॅकेज’ मी रद्द केलंय. पैसे परत येतील, काळजी नको. त्याऐवजी शनिवारी साडेदहाला नौपाड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. तुम्हाला न विचारता. चिडायचं तर चिडा, फक्त आवाज न चढवता.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. “पोरगी खारघरला रक्तातून घशाचा कॅन्सर शोधते, आणि बापानं नाकात नळी घालून घ्यायची?” सोसायटीत सगळ्यांना अभिमानानं सांगता ते, मला आवडतंही. पण आमच्या लॅबमध्ये नक्की काय चालतं ते तुम्हाला एकदा नीट सांगायला हवं.

आमच्याकडे येणाऱ्या रक्ताच्या ट्यूबवर नाव नसतं, नंबर असतो. जांभळ्या झाकणाची ट्यूब. ती काही तासांत यंत्रात गरगर फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळा करायचा, मग परत एकदा फिरवायचा आणि उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायचा. उशीर झाला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए मिसळतो आणि नमुना वाया. त्या प्लाझ्मात आम्ही गाठीतून सुटलेले डीएनएचे तुकडे शोधतो. आता महत्त्वाचं ऐका. ज्यांचं रक्त आमच्याकडे येतं त्यांचं निदान आधीच झालेलं असतं. दुर्बिणीच्या नळीनं बघून झालेलं, गाठीचा तुकडा काढून तपासलेला. आमचं उत्तर बरोबर की चूक हे आम्ही त्या तुकड्यावरूनच ठरवतो. म्हणजे आमचं रक्तसुद्धा दुर्बिणीच्या मागून येतं, बाबा. तुम्ही त्याला पुढे घालायला निघालात.

रक्तावरून आधी कळतच नाही असं नाही. हाँगकाँगमध्ये वीस हजारांवर पुरुषांचं रक्त तपासलं होतं, त्याचा निकाल 2017 साली छापून आला. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला होणारा कॅन्सर. तिकडे तो बराच होतो, आपल्याकडे नागालँडच्या बाजूला. तो जवळजवळ नेहमी एका विषाणूला घेऊन येतो, एपस्टाइन-बार त्याचं नाव, आणि त्याच विषाणूचा डीएनए त्यांनी रक्तात शोधला. दोनदा तपासून 309 जणांचा पॉझिटिव्ह आला. त्यांतल्या 34 जणांना खरंच कॅन्सर निघाला, बहुतेकांना सुरुवातीच्या टप्प्यातला. फार मोठं काम आहे ते, आम्ही सगळे त्याच्याकडे बघूनच चालतो. पण त्या 309 पैकी 300 जणांनासुद्धा शेवटी नाकात दुर्बीण घालूनच बघितलं होतं! टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या कॅन्सरचंही असंच थोडं जमतं. काहींच्या रक्तात त्याच्या अँटीबॉडी कितीतरी वर्षं आधीपासून सापडतात.

स्वरयंत्राचा प्रश्न निराळा. तिथे बहुतेक वेळा तंबाखू-सिगारेट असते, शोधायला असा एक विषाणू नसतो. प्रत्येकाच्या गाठीत डीएनएमधला बिघाड वेगळ्या जागी. त्यातून वय वाढलं की चांगल्या रक्तपेशींतही तसेच बिघाड साचतात आणि खरं कुठलं, खोटं कुठलं यात आमची निम्मी शक्ती जाते. आणि स्वरतंतूवर दोन-तीन मिलिमीटरचं काही असेल तर त्यातून रक्तात इतकं कमी सुटतं, की घेतलेल्या ट्यूबमध्ये त्याचा एकही तुकडा नसण्याची शक्यता जास्त. तलावपाळीच्या पाण्यात एका कोपऱ्यात चिमूटभर गुलाल पडला, तर समोरच्या काठावरून भरलेल्या तांब्यात तो सापडेल का?

तुमच्या पॅकेजमध्ये तर यातलं काहीच नव्हतं. यादी वाचली मी. एससीसी अँटिजेन आणि सीईए, म्हणजे काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारी दोन प्रथिनं. पहिलं सोरायसिस या त्वचेच्या दुखण्यातही वाढतं. म्हणजे तुमच्या कोपरांवरच्या चट्ट्यांमुळेच आकडा वर जाऊन आई आठवडाभर देव पाण्यात घालून बसली असती. दुसरं सिगारेट ओढणाऱ्यांत उगाच वाढलेलं दिसतं. पण मला भीती त्याची नाही. दोन्ही आकडे नॉर्मल आले असते तर तुम्ही तो कागद फ्रिजवर लावून “बघ, काही नाही” म्हणत पुढचे सहा महिने घालवले असते. मी ओळखते तुम्हाला.

गणपतीत ‘घालीन लोटांगण’ला तुमचा वरचा सूर लागला नाही. जागरणानं घसा बसला म्हणालात. नवरात्र गेलं, कोजागिरीचं दूध झालं, आवाज तसाच. आईचा ज्येष्ठमध झाला, हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या. तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला आवाज, हे वय आणि वागळे इस्टेटच्या रात्रपाळ्यांमधली ती तंबाखू, एवढं जमलं की स्वरयंत्र डोळ्यांनी बघायचं. सोडून वर्षं झाली हे खरं, आणि सोडलीत ते फार बरं केलंत, पण तेवढ्यानं बघायचं टळत नाही. बहुधा ॲसिडिटीच निघेल, नाहीतर थायरॉइड, नाहीतर तंतूवरची साधी गाठ. बसलेले आवाज बहुतेक असलेच असतात.

आणि समजा काही निघालंच, तर दादाकाकांचं आठवू नका. त्यांचा कॅन्सर खाली, अन्ननलिकेच्या तोंडाशी होता. आवाज शेवटी गेला त्यांचा. स्वरतंतूचं दुखणं आधी आवाजालाच धरतं, म्हणून लवकर सापडतं, आणि तिथून सहसा लवकर पसरत नाही. लवकर सापडलेलं बहुतेक वेळा रेडिएशननं किंवा लेझरनं बरं होतं, स्वरयंत्र सहसा काढावं लागत नाही. हे तुम्हाला समजूत घालायला लिहीत नाहीये.

दुर्बिणीला भिऊ नका. खुर्चीत बसूनच करतात. नाकात बधिर करायचा स्प्रे, मग एक बारीक, वाकणारी नळी. डोळ्यांत पाणी येतं, काही मिनिटांत संपतं. ते ‘ईऽऽ’ म्हणायला लावतील, तेवढं म्हणा. नंतर बधिरपणा जाईपर्यंत चहा नाही, नाहीतर ठसका लागेल. मग जिथे म्हणाल तिथे नेईन. मिसळ मात्र नाही.

लहानपणी गॅलरीतून “चिमेऽऽ” अशी हाक मारायचात, तीन बिल्डिंगांपलीकडे मी खेळ टाकून धावायचे. मैत्रिणी हसायच्या, मला लाज वाटायची. परवा फोनवर तुम्ही “चिमे” म्हणालात आणि मला वाटलं दुसरंच कोणी बोलतंय. त्या रात्री झोपले नाही मी. जाऊ दे.

आता कामाचं. शुक्रवारी संध्याकाळच्या ठाणे लोकलनं येते, सोमवारपर्यंत राहते, रजा मंजूर झालीय. आई, माझ्यासाठी काही करत बसू नकोस, वरण-भात पुरे. बीपीची गोळी नेहमीसारखी द्यायची. रक्त पातळ ठेवणारी इकोस्प्रिन आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना मी सांगेन. जुनी फाइल लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे, थायरॉइडचा रिपोर्टही त्यातच असेल. तोवर बाबांनी हळू बोलायचं. कुजबुजायचं नाही, त्यानं घशाला उलट ताण पडतो. पाण्याची बाटली जवळ ठेवायची. रात्रीचं जेवण आठच्या आत. आणि जेवणानंतरची सुपारी बंद, दोघांचीही. आई, तुझीसुद्धा. ‘नुसती सुपारी आहे, तंबाखू कुठे’ हे चालणार नाही. नुसत्या सुपारीनंही कॅन्सर होतो, हे 2004 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं नोंदवून ठेवलंय. अडकित्ता माळ्यावर टाक, बडीशेप मी आणते.

मालाडच्या आत्याला इतक्यात काही कळवू नका. तिच्याशी बोलताना वाडीचा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो.

तुमची,
चिमी

ता. क. : आई, पॅकेजवाल्यांचा परत फोन येईल, सवलत देतो म्हणतील. तू घेऊ नकोस आणि बाबांना देऊ नकोस. माझा नंबर दे.