जहाज बघायला जाताय, तर

सदाशिव पेठ, पुणे ३०

ती. आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

शनिवारी ताई तुम्हाला इंग्लंडमधल्या हार्टलपूलला जहाज बघायला नेणार असं कळलं. फोनवर सांगायला लागलो तर बाबा दोन मिनिटांत "बरं, आईशी बोल" म्हणतील, म्हणून लिहूनच काढतो. ताईकडून छापून घ्या आणि न्यूकॅसलहून निघालात की गाडीत वाचा.

जहाजाचं नाव त्रिंकोमाली. आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेलं. जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली काम झालं आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला ते पाण्यात उतरलं. बाबा, तारीख लक्षात घ्या. त्यानंतर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली आणि १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. म्हणजे पेशवाईचे शेवटचे दिवस आणि या जहाजाचे पहिले दिवस एकच. आज वाड्याचं जोतं आणि तटबंदी उरली आहे, सागवानी मजले १८२८ च्या आगीत गेले. जहाज मात्र अजून पाण्यावर तरंगतंय. ब्रिटनमधल्या तरंगत्या लढाऊ जहाजांत हे सर्वांत जुनं.

बांधायला घेतलं १८१६ मध्ये, पण हुकूम निघाला होता १८१२ साली. उशीर झाला त्याची गंमत आहे. नकाशे जावा नावाच्या जहाजातून मुंबईला येत होते. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या लढाऊ जहाजाशी गाठ पडली आणि जावा नकाशांसकट गेलं. मग दुसरी प्रत पाठवावी लागली. ते कॉन्स्टिट्यूशनही अजून बॉस्टनच्या बंदरात तरंगतंय. नकाशे बुडवणारं आणि त्याच नकाशांवरून बांधलेलं, दोन्ही शाबूत!

तिथे गेल्यावर बहुतेक लोक तोफांपाशी उभे राहून फोटो काढतात. काढा, पण तोफांत फार जीव अडकवू नका. जहाज कळतं ते सांध्यांवरून. विश्रामबागवाड्यात खांबावर तुळई कशी बसते, कडीपाट कसा टाकलाय हे बाबा जसं मान वर करून बघतात, तसंच इथे बघा.

आधी लाकडाविषयी. हे मलबारचं सागवान. नेपोलियनच्या लढायांत इंग्लंडमधला ओक संपत आला, म्हणून मुंबईत सागवानी जहाजं बांधून घेतली गेली. ती नाइलाजाची निवड फायद्याची ठरली. ओकमध्ये आम्ल असतं. त्यात लोखंडी खिळा ठोकला की ओलाव्याने खिळा गंजतो आणि खिळ्याभोवतीचं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं. खिळा आणि लाकूड एकमेकांना खातात म्हणा ना. सागात तेल असतं, त्यामुळे लोखंड बरंच टिकतं. शिवाय साग सुकताना आकसतो कमी, म्हणून फळ्यांच्या फटी फार उघडत नाहीत. वाईट गुण एकच: त्यात वाळूचा अंश असतो, हत्याराची धार लगेच मोडते. सागवानावर रंधा मारताना पात किती वेळा परजावी लागते हे बाबांना सांगायला नको. आता अशा जहाजाची फासळी न् फासळी वाकसाने तासली होती हे डोळ्यांसमोर आणा.

गोदीच्या कडेला पोहोचलात की लगेच आत शिरू नका. दहा मिनिटं बाहेरून बघा. तोफांच्या मजल्याची लांबी १५० फूट, रुंदी सुमारे ४० फूट. आपल्या पीएमपीच्या चार बारा मीटरी बस एकामागे एक लावल्या तर जवळपास तेवढी लांबी, आणि एक आडवी टाकली तर रुंदी. समोरून पाहिलंत तर भिंती पाण्यापासून वर जाताना आतल्या बाजूला कललेल्या दिसतील. बांधणाऱ्याची चूक नव्हे ती. वरच्या मजल्यावरच्या तोफांचं वजन मधल्या रेषेकडे यावं, जहाज डोलताना उलटू नये, म्हणून तसं करतात. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फेटेवाल्या माणसाचा पुतळा आहे, तो आईला आवडेल. मग पाण्याच्या रेषेकडे बघा. अशा जहाजांच्या बुडाला तांब्याचा पत्रा मारत, कारण उबदार समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो, बोटभर जाडीच्या फळीची चाळण करून टाकतो. तांब्यातून तो शिरत नाही आणि शेवाळ, शिंपलेही कमी धरतात. पण तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात शेजारी आले की लोखंड झपाट्याने झिजतं. म्हणून पाण्याखालच्या भागात लोखंडी बोल्ट चालत नाहीत, तांब्याचे किंवा मिश्रधातूचे घालावे लागतात. पत्रा मारायची कल्पना नवी होती तेव्हा हा धडा महागात शिकावा लागला.

"एवढं जुनं जहाज पाण्यात कशाला ठेवायचं, बाहेर काढून ठेवावं की," असं आई विचारेल. बैलगाडीचं चाक आठव. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, धाव सैल होते, मग चाक ओढ्यात भिजत घालतात. जहाजाचंही तसंच. कोरडं ठेवलं की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. दुसरं म्हणजे वजन. पाणी बुडाला सगळीकडून उचलून धरतं. बाहेर काढलं की सगळा भार कण्यावर आणि खालच्या टेकूंवर येतो, पोट दोन्ही बाजूंना सुटायला लागतं. पाण्यातही एक दुखणं आहेच. पुढचं आणि मागचं टोक निमुळतं, त्यांच्याखाली पाणी कमी, म्हणून टोकं खाली झुकतात आणि मधला भाग वर येतो. जुन्या जहाजाचा कणा असा धनुष्यासारखा वाकलेला असतो. फळ्यांच्या लांब रेषा कडेकडेने नजर लावून पाहिल्या तर कुठल्याही जुन्या जहाजात हे ओळखता येतं.

खारं पाणी तसं लाकडाला मानवतं. शत्रू आहे तो वरून पडणारा पाऊस. गोड पाणी डेकच्या फटीतून झिरपतं, तुळईच्या टोकाशी साठतं, तिथे वारा लागत नाही आणि बुरशी धरते. बाहेरून लाकूड धड दिसतं, पटाशीचं टोक टेकवलं की भस्सकन आत जातं. वाड्यांतही हेच होतं. तुळई मध्ये सहसा कुजत नाही, भिंतीत शिरलेलं तिचं टोक कुजतं. म्हणून जहाजाच्या डेकला मध्ये हलका उंचवटा असतो, पाणी कडेला धावावं आणि भोकांतून बाहेर पडावं. त्या कडेच्या पन्हळीत पानं किंवा कचरा अडकला की संपलं. आपल्या गच्चीच्या पन्हाळ्याविषयी आई जी कटकट करते ती जहाजावर कुणीतरी रोज करावी लागते.

डेकवर फळ्यांच्या मधल्या काळ्या रेघा नीट बघा, तिथे खरी मेहनत आहे. दोन फळ्यांची कड थोडी तिरपी तासून वर रुंद, खाली अरुंद अशी फट ठेवतात. जुन्या दोरांचा पिंजलेला, डांबर लावलेला काथ्या वळून बोथट पटाशी आणि लाकडी हातोड्याने त्या फटीत ठोकतात. पहिला पदर, मग दुसरा, गरज पडली तर तिसरा. वरून गरम डांबर ओततात आणि थंड झाल्यावर जास्तीचं खरवडतात. काथ्या कमी पडला तर गळतं. जास्त ठोकला तर आणखी वाईट, कारण फळी पाण्याने फुगते, काथ्या जागा देत नाही आणि खिळे उपसायला लागतात. मुरलेला कारागीर हातोड्याच्या आवाजावरून सांगतो म्हणे फट भरली की नाही. ओली फट डांबर धरत नाही, म्हणून हे काम सुक्या दिवसांतच करायचं. उत्तर समुद्राच्या काठी असे दिवस किती मिळत असतील ते तुम्ही तिथे राहून बघताच आहात.

आत फिरताना एक खेळ करा. जुनं लाकूड कुठलं, नवं कुठलं ते ओळखा. जुनं काळपट, कडा झिजून गोल झालेल्या, जागोजाग बुजवलेली भोकं. नव्याच्या कडा सरळ आणि तीक्ष्ण. कुजलेला भाग कापून तेवढंच नवं लाकूड बसवतात तेव्हा सांधा सरळ आडवा नसतो, लांब तिरपा असतो, म्हणजे ओढ मोठ्या पृष्ठभागावर वाटली जाते. आखूड तिरप्या सांध्यात पैसे वाचतात, पण पहिल्या मोठ्या ताणाला तो उघडतो. वाड्यांच्या दुरुस्तीत हल्ली कंत्राटदार दोन तुकडे टोकाला टोक लावून लोखंडी पट्टी मारून मोकळे होतात. मला ते बघवत नाही, तुम्हालाही बघवणार नाही.

या जहाजाची दुरुस्ती १९९० ते २००१ अशी अकरा वर्षं चालली. एवढं जुनं लाकूड उरलं कसं, याचं उत्तर थोडं मजेशीर आहे. १८१९ साली इंग्लंडला पोहोचलं तेव्हा लढाया संपल्या होत्या. मग १८४५ पर्यंत ते राखीव म्हणून नुसतं उभं होतं. पुढे सुधारून तोफा कमी केल्या, अमेरिका, वेस्ट इंडीज आणि प्रशांत महासागराकडे दोन फेऱ्या झाल्या, १८६० पासून प्रशिक्षणासाठी वापरलं. १८९७ मध्ये भंगारात विकलं गेलं आणि तिथूनही कुणीतरी विकत घेऊन वाचवलं. नाव बदलून फुद्रॉयां ठेवलं आणि १९८६ पर्यंत मुलांना त्यावर जहाजाचं शिक्षण दिलं. १९९२ ला जुनं नाव परत मिळालं. एकही मोठी लढाई लढलं नाही, म्हणून टिकलं. याच आराखड्याच्या घराण्यातलं दुसरं जहाज, युनिकॉर्न, १८२४ चं आणि ओकचं, स्कॉटलंडमध्ये डंडीला आहे. त्याला तर डोलकाठ्या चढवल्याच नाहीत, वर छप्पर घालून ठेवलं, म्हणून पाऊस लागला नाही आणि तेही राहिलं. ताईला जमलं तर पुढच्या महिन्यात तेही बघा. दोन्ही पाहिल्यावरच साग आणि ओक यांतला फरक कळतो.

आता गुडघ्यांचं. मजले एकाखाली एक: उघडा डेक, त्याखाली तोफांचा, त्याखाली खलाशांच्या राहण्याचा आणि तळाशी कोठार. खाली जायला जिने नसून शिड्याच म्हणाव्यात इतके उभे. आई, तू आधी तोफांचा मजला बघ, तिथे बराच वेळ घालव, मग दम असेल तरच खाली. खाली उतरताना तोंड शिडीकडे, पाठ बाहेर, दोन्ही हात कठड्याला. पिशवी खांद्याला तिरकी, हातात काही नको. साडी नको, सलवार-कमीज आणि रबरी तळव्यांचे बूट. बाबा, तुमचा दोन काचांचा चष्मा शिडीवर घात करतो. पायाकडे बघताना नजर खालच्या, वाचायच्या काचेतून जाते आणि पायरी धूसर दिसते. दूरचा साधा चष्मा न्या, निदान उतरताना तो लावा. तुळयांखाली मान वाकवायची सवय पहिल्या पाच मिनिटांत लागते, चुकतं ते परतताना, बोलता बोलता. पायऱ्या टाळून कुठपर्यंत जाता येतं ते तिकिटाच्या खिडकीवर आधीच विचारा.

खलाशांच्या मजल्यावर झोळ्या टांगलेल्या असतील. माणशी १४ इंच जागा मिळे. निम्मे पहाऱ्यावर असत, म्हणून प्रत्यक्षात २८. आई, आपल्या पोळपाटाचा व्यास मोज, अंदाज येईल. तोफांच्या मजल्यावर उभा रहाट आहे, त्याला आडवे दांडे घालून अनेकजण गोल फिरत आणि नांगर वर येई. नांगराचा दोर थेट रहाटावर गुंडाळला जात नाही, रहाटावर फिरतो तो वेगळा, सलग फिरणारा दोर आणि नांगराचा जाड दोर त्याला जागोजागी बांधलेला. जाड दोर गुंडाळायला रहाट पुरलाच नसता. बाबांना ही युक्ती आवडेल.

तोफा बघायच्याच असतील तर गोळा १८ पौंडांचा म्हणजे आठ किलोच्या वर. तोफ सुटली की गाडा मागे धावतो, त्याला जहाजाच्या भिंतीत बांधलेला जाड दोर अडवतो. तो दोर आणि भिंतीतली कडी बघा, ताण तिथे येतो. पुन्हा सांधाच.

सकाळीच जा. हिवाळ्यात तिथे चारच्या सुमारास अंधार पडतो आणि खालच्या मजल्यांवर त्याआधीच. पाऊस असेल तर डेक निसरडा होतो, तेव्हा दिवस पुढे ढकला, जहाज दोनशे वर्षं थांबलंय, आठवडाभर थांबेल. समुद्राचा वारा कानात शिरतो, आईची कानटोपी विसरू नका.

आणि बाबा, खालच्या मजल्यावर जुन्या तुळईला नवं लाकूड जोडलेलं दिसलं की एक फोटो काढा, बाजूला ताईची फूटपट्टी धरून. तिरप्या सांध्याची लांबी तुळईच्या जाडीच्या किती पट आहे, ते मला मोजायचंय.

तुमचा
धाकटा